चुकीच्या दारावरचा पहारेकरी

मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या रक्तातला पहारेकरी बोलतोय. डॉक्टर मला प्रतिपिंड म्हणतात. नाव जड आहे, काम साधं. कोणी परकं आत शिरलं की त्याला धरायचं. मला डोळे नाहीत, मी चाचपून ओळखतो. संशय हा आमच्या कुळाचा स्वभावच. तो नसता तर बाई लहानपणीच एखाद्या तापात गेली असती.

तिच्या अंडाशयात एक गाठ धरली होती. दुखत नव्हती, म्हणून तिला पत्ताच नव्हता. गाठीत थोडे केस होते, एक दात होता आणि मेंदूत असतो तसा मऊ तुकडाही होता. शरीर कधीकधी भलत्या जागी भलतंच रचून ठेवतं. माझ्या कुळातले तिथं थबकले. पोटात मेंदूचं काय काम? हा नक्की कोणी वेश पालटून आलेला. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन त्यांनी नीट चाचपून घेतलं, आणि तेवढंच धरण्यासाठी माझा जन्म झाला.

वाहत वाहत मी डोक्यात पोचलो. तिथं मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्या दारांवर तेच प्रथिन. म्हणजे शत्रू इथवर घुसला तर! मी धरलं की दार आत खचायचं. एकामागून एक दारं बंद होत गेली. ती बाईची स्वतःची आहेत, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग बाहेर काय घडलं, ते काही तिच्या कानाजवळून वाहताना ऐकलं, काही नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं.

नवराबायकोचं शिवणाचं दुकान. तो कापायचा, ती शिवायची. एका संध्याकाळी तिनं तयार शर्ट घेतला आणि ब्लेडनं कॉलर उसवू लागली.

"अगं, उद्या न्यायचाय तो गिऱ्हाइकाला."

"म्हणून तर बघतेय. आत काय शिवलंत?"

"बकरम. कॉलर ताठ राहायला घालतो ते. तूच घातलंस."

"मी घातलं ते वेगळं होतं."

तिनं टांगलेले सगळे कपडे उसवले. त्याच्या हातचं पाणीही नको म्हणाली. नंतर तर म्हणू लागली, चेहरा ह्यांचा लावलाय, माणूस दुसराच आहे. त्याला बघितलं की किंचाळायची.

तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवलं. तो दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायचा. त्याची मोठी बहीण आली.

"चार दिवस माझ्याकडे असती तर सरळ केली असती."

"ताई, ती कधी वाकडी नव्हती."

"मग बस इथंच. ती काही तुला पुन्हा आपला म्हणायची नाही."

त्यालाही तीच भीती होती.

वॉर्डाच्या डॉक्टरबाई मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तोंडात काही नसताना ती सारखं चघळत होती. हात आपोआप वळत होते, नाडी मध्येच धावायची.

"पूर्वी असं काही?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"कधीच नाही. गेल्या महिन्यापर्यंत माझ्या कापण्याला नावं ठेवून हसायची."

"मग हे नुसतं मनाचं नाही. मला शरीराचाच संशय येतोय."

तिच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, त्यात माझे भाऊ सापडले. आमचं मूळ अशा वेळी अंडाशयातल्या गाठीत असू शकतं, म्हणून मग पोट तपासलं. गाठ सापडली, काढून टाकली. औषधं सुरू झाली, आणि यंत्र लावून आम्हाला रक्तातून काढू लागले. सुधारणा फार हळूहळू होत होती.

आज मी यंत्राच्या नळीतून बाहेरच्या पिशवीत आलो, तेव्हा नवरा दाराशी उभा होता. आत यायला कचरत होता. ती त्याच्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली.

"त्यांना खुर्ची द्या," ती नर्सला म्हणाली. "किती वाळलेत. अहो, जेवत नाही का?"

त्यानं खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली.

माझी पिशवी आता जाळायला नेतील. त्याचं दुःख नाही. माझे काही भाऊ अजून तिच्यात असतील, त्यांच्यावर नजर ठेवा. आणि तुमच्या घरातलं शहाणं माणूस एकाएकी वैऱ्यासारखं वागू लागलं, तर संशय जरूर घ्या. फक्त त्या माणसावर घेण्याआधी आमच्यावर घ्या.