वाटी कुणीकडे कलते

परीक्षा जवळ आली तशी आमच्या घरात कुणाचंही हाड सुरक्षित राहिलं नाही. दादा जेवायला बसला की मी मागून जाऊन त्याच्या खांद्याचं पातं चाचपायची. "अगं, घास तरी गिळू दे. मेल्यावर सगळी हाडं तुझ्याच कॉलेजला देतो," तो म्हणायचा. तोवर थांबायला वेळ कुणाला होता? शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मी एकदा आपटले होते. आता पुन्हा आपटले तर कॉलेजातून नाव कमी, डॉक्टरकी संपली, आणि आईबरोबर पडदे शिवत बसायचं. पडदे शिवण्यात वाईट काहीच नाही, पण मला टाका सरळ घालता येत नाही. म्हणजे तिथेही नापासच.

आमची तोंडी पिशवीवर होते. काळ्या पिशवीत हाडं घालून ठेवतात. हात आत घालायचा, न बघता हाताला लागेल ते हाड ओळखायचं, मग बाहेर काढून ते उजव्या अंगाचं की डाव्या ते सांगायचं. बघून काय, कुणीही सांगेल, बोटांना कळलं पाहिजे, असं परीक्षक मॅडमचं म्हणणं. सगळं कॉलेज त्यांना कात्री म्हणतं. का, ते त्यांच्या हातून मार्क घेतलेल्या कुणालाही विचारा.

सरावासाठी आईने मला पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून दिली. मी कॉलेजातून आणलेली हाडं तिने त्यात टाकली आणि स्वतःच कात्री होऊन समोर बसली. तिला हाडांतलं ओ की ठो कळत नाही, पण मी उत्तर दिलं की भुवया चढवून असं काही "नक्की?" म्हणायची की येत असलेलंही मी विसरायची. खांदा, कोपर, मनगट, पाठीचे मणके, जे हवं ते तिने मला चाचपू दिलं. फक्त गुडघ्याकडे हात नेला की पाय आखडून घ्यायची. "तिथे नको गं. गुदगुल्या होतात."

आईचं हे असंच, सगळं जगावेगळं. ती जिनासुद्धा उलटा उतरते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ही बाई दोन्ही हातांनी कठडा धरणार, तोंड घराकडे करणार आणि पाठमोरी एकेक पायरी खाली येणार. विचारलं तर म्हणते, "घराकडे बघत उतरलं की कुलूप लावलं का ते लक्षात राहतं." दादाने तिचं नावच रिव्हर्स गिअर ठेवलंय. परीक्षेच्या सकाळीही ती मला सोडायला तशीच निघाली, आणि मी खालून ओरडत होते, "आई, तुझ्या रिव्हर्स गिअरपायी माझी बस जाणार आज."

बस मिळाली. माझा नंबर आला, कात्री मॅडमनी पिशवी पुढे सरकवली, मी हात घातला आणि मला हसूच फुटलं. तळहातात मावणारं, एका बाजूला निमुळतं झालेलं हाड. गुडघ्याची वाटी! इतकं सोपं हाड माझ्या नशिबी येईल असं वाटलं नव्हतं. "वाटी," मी म्हणाले. माझा आवाज बाहेरच्या पोरांनाही ऐकू गेला असेल.

"अंग?" मॅडम म्हणाल्या.

वाटीची एक युक्ती आहे, ती आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ असते. निमुळतं टोक आपल्यापासून लांब करून वाटी टेबलावर पालथी ठेवायची आणि सोडून द्यायची. वाटीच्या आतल्या बाजूला दोन उतार असतात, त्यातला बाहेरच्या अंगाचा रुंद. त्यामुळे वाटी ज्या पायाची, त्या बाजूला आपणहून कलते. मी ठेवली, सोडली. डावीकडे कलली.

"डावी."

"नक्की?"

आता कात्री मॅडम बरोबर उत्तरालाही "नक्की?" म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मागच्या खेपेला त्या एका शब्दाला घाबरून मी बरोबर उत्तर बदललं होतं आणि तिथेच घात झाला होता. या वेळी मी मान डोलवायचीच असं ठरवलेलं. डोलवणारही होते. पण सवयीने वाटी उचलून मी तिच्या आतून अंगठा फिरवला, आणि अंगठा सटकला.

हाड असं गुळगुळीत नसतं. उजवीकडचा उतार एका जागी काचेसारखा लागत होता. आणि तोच उतार रुंद होता. कडेला चाचपलं तर तिथे हाडाचा एक खडबडीत उंचवटा वाढलेला. अच्छा. म्हणजे त्याच उंचवट्याची टेकण लागून वाटी उलट्या बाजूला कलत होती. युक्ती सपशेल खोटं बोलत होती.

"मॅडम, उजवी आहे," मी म्हणाले. शब्द एकमेकांवर आदळत होते. "रुंद उतार इकडे आहे. कडेला हाड वाढलंय म्हणून ती डावीकडे पडते. इथलं कूर्चेचं मऊ अस्तर पार झिजलंय, मग हाडावर हाड घासून घासून ही चकाकी आलीय."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला माणसासारखा वाटला. "छान. आता शेवटचं सांग. असा गुडघा घेऊन हे माणूस जिना कसं उतरत असेल? उतरतानाच वाटीवर सगळ्यात जास्त दाब येतो."

"उलटं," मी म्हणाले. "कठडा धरून. पाठमोरं."

बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

"हे पुस्तकात नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठे पाहिलंस?"

माझा अंगठा पुन्हा त्या चकाकीवरून फिरला. मॅडमनी समोरच्या कागदावर मार्क लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. पास, आणि तेही चांगल्यापैकी. एरवी मी टेबलावर चढून नाचले असते. मी वाटी दोन्ही हातांनी उचलून पिशवीत अलगद ठेवली आणि धावत सुटले.

बसमध्ये मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, शेजारची बाई घाबरून सरकून बसली. घराच्या जिन्याशी पोचले तर वर तिसऱ्या मजल्यावर आई मला बघून निघालेलीच. कठडा धरलेला, पाठ माझ्याकडे.

"आई, थांब. उतरू नकोस, मी येते वर."

"अगं पण झालं काय? पास की नापास?"

मी एका दमात वर गेले. तिला धरून वरच्या पायरीवर बसवलं, पुढ्यात बसले आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. तिने पाय आखडून घेतले. मी हात काढले नाहीत.

"पास," मी म्हणाले. "आता खरं सांग. गुदगुल्या होतात?"

तिने पायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच पाय सरळ केले.

"नाही गं," ती म्हणाली. "दुखतं."