एकशे अठ्ठावीस नावं

माझं अक्षर वळणदार आहे, असं सगळं गाव सांगतं. आग लागो त्या अक्षराला! चुडामणच्या मोबाइलवरून अख्ख्या पाचोरा तालुक्यात जी पानं फिरली, ती माझ्याच हातची.

मी कुंदाबाई, अंगणवाडीची मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची, नाकं पुसायची. सेविका बेबाबाई. पण सरकारनं त्यांच्या मागे इतक्या ड्युट्या लावल्यात की बाहेरगावच्या पोरांची रजिस्टरातली पानं त्यांनी माझ्यावर सोपवलेली. दसऱ्यानंतर सातपुड्यातून पावरा आदिवासी माणसं कापूस वेचायला येतात, गावाबाहेर पडीक जागेवर झोपड्या टाकतात आणि होळीआधी भोंगऱ्या बाजारासाठी, त्यांच्या जत्रेसाठी, परत डोंगरात जातात. ती आली की पोरांची वजनं घेऊन नावं लिहायची, एवढंच काम.

दिवाळीनंतर चुडामण आला. आमच्याच गावचा, हल्ली पुढारी झालेला. "मावशी, जरा रजिस्टर दाखवा ना." मी मूर्खासारखं त्याला चहासुद्धा दिला. चार वर्षांच्या पानांचे फोटो काढून नेले त्यानं, आणि तिसऱ्या दिवशी घरोघरच्या मोबाइलवर मजकूर आला: चार वर्षांत बाहेरच्यांची एकशे अठ्ठावीस पोरं, कोणीतरी मुद्दाम आणून वसवतंय, दहा वर्षांत हे गाव आपलं राहणार नाही. खाली कुठल्याशा शहरातल्या गर्दीचा फोटो. आमच्या यात्रेलाही तेवढी माणसं नसतात! पण लोकांना पटलं. आदल्या दिवशी झोपड्यांतल्या सुमलीला घरची भाकर देणाऱ्या बाईनं दुसऱ्या दिवशी तिला बघून दाराला कडी लावली.

ग्रामसभा ठरली. ठराव एकच: आठ दिवसांत झोपड्या हटवायच्या आणि त्या लोकांना कोणी काम द्यायचं नाही. सुमली अंगणवाडीत आली, कडेवर धाकटं, हाताला चार वर्षांची रिना. "बाई, आम्ही काय केलं?" मी रजिस्टर उचललं आणि बेबाबाईंपुढे नेऊन ठेवलं.

त्यांनी चष्मा पुसला. चारही वर्षांची पानं ताडून बघितली, वजनांवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुंदा, ही माणसं परत गेली की नावं खोडत नव्हतीस का गं?"

नव्हते खोडत. दरवर्षी आली की नवीन नाव, नवीन नंबर. "बाई, माझी नोकरी जाईल हो," म्हणत मी रडायलाच लागले. बेबाबाईंच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्या रजिस्टर पिशवीत घालून घरी गेल्या.

ग्रामसभेत चुडामणनं आकडा तीनदा वाचला. लोक तावातावानं बोलत होते. तेवढ्यात बेबाबाई उठल्या.

"नावं एकशे अठ्ठावीस आहेत, खरं आहे. पोरं एकोणचाळीस. सुमलीची रिना घ्या. पहिल्या वर्षी सहा किलो, मग साडेआठ, मग साडेदहा, यंदा बारा. आई तीच, बाप तोच. एकच पोरगी चार वेळा लिहिलीय. झोपड्या पूर्वी जेवढ्या होत्या तेवढ्याच आजही आहेत, जाऊन मोजून या."

"मग एवढी मोठी चूक केली कोणी?" चुडामण ओरडला.

मी पदर तोंडात धरला. उठायला हवं होतं. नाही उठले, खोटं कशाला बोलू!

"चूक मनी शे," बेबाबाई म्हणाल्या. चिडल्या किंवा हळव्या झाल्या की त्या अहिराणीवर येतात. "चूक माझी, लिहून घ्या. आणि चुडामण, माझ्या जुन्या रजिस्टरात तुझंही नाव तीनदा आहे, बरं का. तुझे आईबाप सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला जायचे, पावसाळ्यात यायचे. तेव्हाही खोडायचं राहिलं. तुम्ही एका घरचे, पण कागदावर तिप्पट!"

लोक हसले. चुडामणचे कान लाल झाले. मागून त्याची आई, ताईबाई, एकदम बोलली, "सुरतेत उधन्याला मला ताप आला होता तेव्हा शेजारच्या गुजरातणीनं आठ दिवस दूध पाजलंय याला. तिनं नव्हतं विचारलं, तुम्ही किती जण आलात म्हणून." हसणं थांबलं.

"आणि समजा, सगळी नवीनच असती तरी?" बेबाबाई म्हणाल्या. "पोरं आली की त्यांचं वजन करायचं असतं. त्यांना भ्यायचं नसतं."

सरपंचांनी ठराव मांडला. पाचच हात वर आले, ठराव पडला. चुडामण अजूनही म्हणतो की आकडे दाबले, म्हणू दे. दुसऱ्या दिवशी सुमली कापसात होती आणि रिना माझ्या खिचडीच्या रांगेत सगळ्यात पुढे, नेहमीसारखी ढकलाढकली करत.

पण चुडामण गप्प बसेल होय! तालुक्याच्या ऑफिसात तक्रार गेलीच. बेबाबाईंना पत्र आलं: चुकीच्या नोंदीबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, येऊन सांगा. छत्तीस वर्षं ज्या बाईनं आमच्या गावातलं एकेक पोर तोललं, तिला हे पत्र! त्यांनी ते घडी घालून रजिस्टरात ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तू तोंड उघडायचं नाहीस. तुला अजून वीस वर्षं काढायचीत इथं. जा, खिचडीत मीठ बघ." असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. रागही येतो त्यांचा, इतक्या चांगल्या आहेत.

उद्या अकरा वाजता त्यांना बोलावलंय. मी नऊच्या एसटीनं पाचोऱ्याला जाणार आहे, त्यांना न सांगता. साहेबांकडे एक कोरा कागद मागेन आणि त्यांच्यासमोर रिनाचं नाव आणि तिची चार वर्षांची वजनं लिहीन. मग तो कागद बेबाबाई आणतील त्या रजिस्टरातल्या पानाशेजारी ठेवीन, अक्षराला अक्षर लावून.