बाहेर काढलेला घास

"आजी, ह्या गायीच्या तोंडाला गूळ कसा लागला?"

साळूबाई पदराला हात पुसत होत्या. "पोळी दिली गं. मुकाट खाल्ली बघ, लय गुणाची हाय."

त्यांची नात शिवांजली हिचा चेहरा उतरला. मागे उभे असलेले तिचे साहेबही पुढे येऊन गायीचं तोंड पाहू लागले.

साताऱ्याजवळच्या वैरणीच्या प्रयोगशाळेत आज काम करणाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. नातीने फोनवर 'आमच्याकडे गाई आहेत' एवढं सांगितलं आणि साळूबाईंनी वडूजहून निघताना गूळपोळी बांधून घेतली. पहिला घास गायीला, मग आपण, हा त्यांचा जन्माचा नेम. घरची गाय गेल्यापासून त्या रोज शेजाऱ्याच्या गोठ्यात जात. कीर्तनात बुवा गायीच्या पोटातल्या तेहतीस कोटी देवांवर आले, की भर मांडवात त्यांचे हात आपोआप जुळत.

"अगं, चार महिने ही ठरलेलीच वैरण खातीय. आज तिच्या पोटातलं तपासायचं होतं. माझं सगळं काम त्यावर आहे."

"मग आता काय पोटात हात घालून काढनार हायस?" साळूबाई हसल्या.

शिवांजली हसली नाही. तिने खांद्यापर्यंत येणारा हातमोजा चढवला आणि गायीच्या डाव्या अंगाला गेली.

साळूबाई आतापर्यंत गायीच्या तोंडाशीच उभ्या होत्या. वळसा घालून आल्या आणि जागीच थबकल्या. गायीच्या कुशीत ताटलीएवढं काळं रबरी झाकण बसवलेलं होतं.

"आये, चल तिकडं," त्यांच्यासोबत आलेला मुलगा नाथाजी म्हणाला. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस, पण त्यानेही मान वळवली होती. "ऑपरेशन केलेलं असतंय. बघू नगंस."

झाकण निघालं. आंबूस, गरम वाफ तोंडावर आली. पाहुण्यांतल्या एका बाईने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे धरला. "ही आमची खिडकी, थेट पोटात उघडणारी," साहेब कौतुकाने म्हणाले, आणि लोक माना लांब करून त्या भोकात डोकावू लागले. जत्रेत पाळण्याभोवती करावी तशी गर्दी. शिवांजलीचा हात कोपरापर्यंत आत गेला, आणखी आत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत हिरवा चोथा होता आणि त्यात पोळीचे पिवळे तुकडे.

"निघाली!" कुणीतरी टाळी वाजवली.

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. गाय मात्र शांतपणे रवंथ करत होती. त्यामुळे तर त्यांना जास्तच शिसारी आली.

दुपारी कॅन्टीनमध्ये सगळे जेवले. साळूबाई बाहेर कट्ट्यावर बसून राहिल्या.

"आये, दोन घास खा की," नाथाजी म्हणाला.

"गायीचा घास माघारी आला. मी कशी खाऊ?"

"वाटंत दुसरी गाय बघू."

"आनि तिच्या कुशीला हात लावून बघू व्हय आधी?"

शिवांजली येऊन शेजारी बसली, थोडी लांबच. "तिला दुखत नाही, आजी. खरंच."

"तुला सांगितलं व्हय तिनं?"

"तिच्यामुळं बाकीच्या गाईंना चांगली वैरण मिळंल. कमी खाऊन जास्त दूध देतील."

"त्या आल्या व्हत्या का मागायला, हिची कूस फाडा म्हनून?"

शिवांजली हळूच म्हणाली, "तुझ्याच मागं मागं गोठ्यात फिरून मला गाईंचं वेड लागलं."

आतून कुणाचं तरी मोठ्याने हसणं ऐकू आलं. मघाचा व्हिडिओ मोबाइलवर पुन्हा लावला होता.

निघताना फाटकाशी गाडी उभी राहिली. शिवांजली नमस्काराला वाकली आणि मध्येच थांबली. तिने हात नाकाशी नेऊन पाहिले. पुन्हा पुन्हा साबण लावूनही वास गेला नव्हता. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले, मातीत गुडघे टेकले आणि नुसतं कपाळ आजीच्या पायांवर ठेवलं.

साळूबाईंनी पाय मागे घेतले नाहीत.

"सुखी ऱ्हा," त्या म्हणाल्या.

आशीर्वादाचा हात मात्र पदराखालीच राहिला.