नदीपलीकडचा गुडघा

मित्रांनो, मी एक रागावलेला कोनमापक आहे. म्हातारपणी राग ओसरतो म्हणतात. मी स्टीलचा असल्यामुळे असेल, माझा काही ओसरलेला नाही.

कंपासपेटीतल्या कोनमापकाशी माझं नातं लांबचं. मला दोन पट्ट्या आहेत आणि मधे अंशांच्या खुणा कोरलेली एक गोल चकती. एक पट्टी मांडीला लावायची, दुसरी पोटरीला, आणि चकतीवर वाचायचं की पाय सरळ व्हायला किती अंश कमी पडतात. शून्य म्हणजे पाय अगदी सरळ. फिजिओथेरपिस्ट मला गोनिओमीटर म्हणतात.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथून मी वसईच्या एका दवाखान्यात गेलो, आयरीन तुस्कानो या फिजिओच्या कोटाच्या खिशात. एकोणीस वर्षं मी तिथे होतो. मला लावण्याआधी त्या तळहातांत धरून गरम करत, कारण गार स्टील लागलं की मुलं पाय आखडून घेतात. बरोबरच्या आयांना त्या म्हणत, "हा खोटं बोलत नाही." माझं एवढं कौतुक पुढे कोणी केलं नाही. त्यांची भाची मेरिल फिजिओ होऊन ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हाती दिलं.

मेरिलने इथल्या परीक्षा दिल्या आणि नोंदणी मिळवली. ही नोंदणी साऱ्या देशाची असते. सिडनीतला मोडलेला हात असो की पर्थमधली आखडलेली मान, मेरिलला कुठेही काम करता येतं. सिडनीतल्या हॅरिस पार्कमध्ये तिची भाड्याची खोली होती, पण राहायची ती सुटकेसमध्येच. एक एजन्सी तिला फिजिओ न मिळणाऱ्या लहान गावांत पाठवायची, इथे तीन महिने, तिथे चार महिने. कोन मोजायला तिच्या फोनमध्ये ॲप आलं होतं. मी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चुइंगमच्या कागदांबरोबर पडून असायचो. वाईट वाटायचं, पण तो माझा राग नव्हे. तो वेगळा आहे.

एजन्सीने तिला मरे नदीकाठी पाठवलं. नदीच्या उत्तरेला न्यू साउथ वेल्स, दक्षिणेला व्हिक्टोरिया. दोन्ही काठांवर एकेक गाव, मधे पूल, गाडीने सहा मिनिटं. एजन्सीची दोन्हीकडे शाखा होती.

आता नीट ऐका. नोंदणी देशाची असली तरी लहान मुलांबरोबर काम करायचं, तर माणसाची चौकशी होऊन एक वेगळं कार्ड मिळावं लागतं. ते कार्ड ज्या त्या राज्याचं. मुलांना जपण्यासाठीच ते आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेरिलकडे अलीकडच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या काठाचं कार्ड होतं. त्यावर पलीकडे वर्षातले थोडेच दिवस काम चालतं. म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या कार्डाचा अर्ज भरला आणि एजन्सीच्या सिडनीतल्या, पॅरामॅटाच्या ऑफिसला पाठवला. सगळे अर्ज आमच्याच हातून जातील, असा एजन्सीचा नियम होता. तिथे कागदपत्रांचं काम विनय बघायचा. मेलबर्नजवळच्या क्लेटनला शिकायला आलेला पुण्याचा मुलगा, आता इथे कायमचा झालेला.

"नो वरीज, मेरिल," तो फोनवर म्हणाला. "मी बघतो."

नदीपलीकडे सात वर्षांची नुपूर राहायची. तिच्या पायांचे स्नायू जन्मापासून ताठ होते. शहरातल्या सर्जननी गुडघ्यामागचे स्नायू लांबवायचं ऑपरेशन केलं होतं. अशा ऑपरेशननंतरचे महिने फार मोलाचे असतात. स्नायू रोज ताणावे लागतात, नाहीतर ते पुन्हा आखडतात.

पहिल्या दिवशी मेरिलच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून मी बाहेर आलो. नुपूरने मला उलटसुलट पाहिलं. "कॅन आय रीड इट?" तेव्हापासून आकडा तीच वाचू लागली. बारा. नऊ. सात. आणि एका गुरुवारी, पाच.

"आई, फाइव्ह!" ती ओरडली. तिची आई चित्रलेखा दाराशी उभी होती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळे पुसले. मीही त्या दिवशी फार खूश होतो.

पुढच्या गुरुवारी पलीकडच्या शाखेतल्या बाईंनी मेरिलला दारातच थांबवलं. सवलतीचे दिवस संपले होते. कार्ड आल्याशिवाय लहान पेशंटला हात लावायचा नाही. दुसरा फिजिओ तिथे नव्हताच.

मेरिलने विनयला फोन केला. "प्रोसेसमध्ये आहे गं. नेक्स्ट वीक येईल."

पुढच्या आठवड्यातही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. मेरिलने व्यायामाची चित्रं काढून पाठवली. चित्रलेखा एज्ड केअरमधली, म्हणजे वृद्धांच्या निवासातली शिफ्ट करून घरी यायची आणि लेकीचे पाय ताणायची. पण नुपूर रडायला लागली की तिच्या हातांतला जोर जायचा. शेवटी तिने विचारलं, "मेरिल, आम्हीच पूल ओलांडून येऊ का? तुझ्या बाजूला तर तुझं कार्ड चालतं ना?"

किती साधी गोष्ट! मेरिलने विनयला विचारलं.

"नको. ती तिकडच्या ब्रँचची क्लायंट आहे. सिस्टीममध्ये घोळ होतो. थोडं थांब ना, येईलच कार्ड."

आणि मेरिल थांबली. मी बॅगेतून सगळं ऐकत होतो. बोलता आलं असतं, तर मी तिलाही सुनावलं असतं.

सातव्या आठवड्यात चित्रलेखाने व्हिडिओ पाठवला. नुपूर वॉकरला धरून उभी होती, पण गुडघे वाकवून, खुर्चीत बसता बसता थांबल्यासारखी. मेरिलने तो तीनदा पाहिला. मग तिने विनयला नाही, थेट पलीकडच्या राज्याच्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, थोडा वेळ शोधलं.

"या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही," त्या म्हणाल्या.

मेरिलने फोन ठेवला. मग तिने चित्रलेखाला मेसेज केला, 'शनिवारी सकाळी ये. माझ्या काठावर, पुलाजवळच्या बागेत.'

बागेतल्या बाकावर टॉवेल पसरून नुपूरला निजवलं. मेरिलने मला लावलं. नुपूरने मान उचलून आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"इट्स ब्रोकन," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

मित्रांनो, मी खरंच बिघडलेलो असतो तर किती बरं झालं असतं! मी बावीस अंश दाखवत होतो.

सोमवारी मेरिल पॅरामॅटाच्या ऑफिसात उभी होती. विनय हसत उठला, "अरे, तू इथे कशी?" तिने बॅगेतून मला काढलं, चकती फिरवली आणि मला त्याच्या कीबोर्डवर ठेवलं.

"हे बावीस अंश. सात आठवड्यांपूर्वी पाच होते. माझा अर्ज दाखव."

विनयने स्क्रीनवर शोधलं. अर्ज सापडला. तो पाठवलेलाच नव्हता. अर्धवट भरून तसाच ठेवलेला होता. एजन्सीने भरायचं एक पान कोरं होतं.

"शिट," तो हळूच म्हणाला. "मेरिल, सॉरी. मला वाटलं, गेला. चाळीस लोकांचे कागद आहेत गं माझ्याकडे."

"चाळीस असतील. मी तुला सात वेळा विचारलं. सात वेळा तू म्हणालास, प्रोसेसमध्ये आहे. एकदा तरी उघडून बघितलंस?"

विनयने ते कोरं पान स्क्रीनवर वर-खाली सरकवलं.

"आणि ती मुलगी अलीकडे आली असती, तर तुझ्या सिस्टीमचा काय घोळ होणार होता? सांग ना!"

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. विनय खालच्या आवाजात म्हणाला, "पॉलिसी आहे. दुसऱ्या ब्रँचचा क्लायंट बघितलास, तर काँट्रॅक्ट ब्रेक होतो."

"मग काढ मला. पण लेखी काढ, आणि कारण खरं लिही. उद्यापासून मी तिला रोज बघणार आहे. माझ्या काठावर, माझ्या कार्डावर."

कोणी तिला काढलं नाही. त्या गावात यायला दुसरं कोण तयार होतं? विनयने कोरं पान तिच्यासमोर भरलं. त्याला चार मिनिटं लागली. मी मोजत होतो.

कार्ड तीन आठवड्यांत आलं. तोवर रोज दुपारी चित्रलेखाची गाडी पूल ओलांडून यायची. पण नुसत्या ताणण्याने भागेना. पुन्हा शहरात जाऊन नुपूरच्या दोन्ही पायांना प्लास्टर घालावं लागलं. शाळेच्या स्पोर्ट्स डेला वॉकरने शर्यतीत चालायचं तिने ठरवलं होतं. तो दिवस तिने प्लास्टरमध्ये बसून पाहिला.

आज मी नऊ दाखवतो. गेले चार महिने नऊच. नुपूर आता चालते, वॉकरला धरून वर्गापासून गेटपर्यंत, पण लवकर थकते. परवा तिने मेरिलला विचारलं, "मेरिल आंटी, हूज फॉल्ट इज इट?"

मेरिलने तिचा पाय मांडीवर घेतला. "मोठ्या माणसांची चूक आहे गं. एकाने काम केलं नाही. आणि कार्ड देणाऱ्या कार्यालयातल्या बाईंना फोन करायचा सोडून मी त्याचं ऐकत बसले."

नुपूरने थोडा विचार केला. "यू शुड हॅव कॉल्ड द लेडी अर्लियर."

"हो," मेरिल म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात."

मित्रांनो, मला तेल घाला, मऊ कापडाने पुसा, असं मी सांगणार नाही. गंजलो तर गंजलो. तुमच्यातलं कोणीतरी उद्या टेबलामागे बसेल आणि समोर एक अर्ज येईल. तो उघडा. रिकामं पान आजच भरा. आणि तुमच्यातलं कोणीतरी टेबलासमोर उभं असेल. त्याला कोणी 'नो वरीज' म्हटलं, तर त्याने घरी जाऊ नये. तिथेच उभं राहावं, आणि अर्ज गेला का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. तुम्ही वाट बघत असता, तेव्हा कुठेतरी एखादं मूल आखडत असतं.