रुईचं सोळावं पान

न्हावऱ्यात प्रांजलच्या घरापुढं छोटी फुलबाग होती. झिनिया, झेंडू, सदाफुली, आणि कुंपणाशी आपोआप उगवलेली रुई. बीएस्सी झाल्यापासून दोन वर्षं ती बागेतल्या फुलपाखरांचे फोटो काढत होती. रुईवरच्या नारिंगी फुलपाखराचे अंड्यापासून कोशापर्यंत सगळे फोटो झाले होते; कोशातून बाहेर येतानाचा तेवढा राहिला होता. रुईच्या पानांना तिनं वहीत नंबर दिले होते. कोश सोळाव्या पानाखाली होता.

शेजारच्या बानूबाई दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी याच रुईची पानं न्यायच्या. कोशाचं पान प्रांजलनं त्यांना आधीच दाखवून ठेवलं होतं. निजू दे की बाळाला, म्हणून त्या हसल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी कोश काळपट दिसला. म्हणजे उद्या फुलपाखरू बाहेर येणार, असा हिशोब करून तिनं एक फोटो काढला आणि सणसवाडीला कंपनीत गेली. परतेपर्यंत अंधार पडला. शनिवारी उजाडताच बघते तर सोळावं पान जागेवर नाही, आणि बानूबाई टोपली घेऊन देवळाकडं निघालेल्या.

नळावर बायका होत्या. त्यांच्यादेखत प्रांजल बोलून गेली, "एक पान कमी पडलं असतं तर मारुती रुसला असता का, आजी?"

"म्या त्या पानाला हात लावला न्हाई," बानूबाई म्हणाल्या. प्रांजल तरातरा घरात गेली.

दहा दिवसांनी शिरूरहून कॅमेऱ्याचा रोल धुऊन आला. शुक्रवारच्या फोटोत पानाचा देठ पिवळा पडलेला स्वच्छ दिसत होता. तिनं रुईखाली, झिनियाच्या बुडाशी पाचोळा उपसला. वाळलेलं पान सापडलं, त्याला कोशाचं रिकामं टरफल चिकटलेलं. फुलपाखरू शुक्रवारीच, ती कामावर असताना उडून गेलं होतं. नंतर पान आपलं आपण गळलं. खाली वाकून बघायचं, एवढंसुद्धा तिनं केलं नव्हतं.

पान घेऊन ती बानूबाईंकडं गेली, चुकलं म्हणाली. त्यांनी चहा केला. रागावल्या नाहीत.

"शनिवारी या ना, आजी."

"आता वढ्याकडनं आणती. तुझ्या झाडाची पानं मोजलेली असत्यात, बाई."

ओढा मैलभर लांब. मीच तोडून आणून देते, असं प्रांजल म्हणाली. पण माळेची पानं ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं तोडायची, असा बानूबाईंचा नेम होता.

पुढच्या शनिवारी गुडघे धरत त्या कुंपणाजवळून ओढ्याकडं गेल्या, तेव्हा प्रांजल बागेतच होती.