तन्मयची हलकी रायफल

आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या त्या वर्कशॉपमध्ये तेल कंपन्यांसाठी व्हॉल्व्हचे भाग बनत, आणि तयार झालेला प्रत्येक भाग अनुपमाच्या हाताखालून जाई. ती क्वालिटी इन्स्पेक्टर होती. म्हणूनच मशीनचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तन्मयने एका दुपारी टायटॅनियमचा गुळगुळीत दांडा पुढे ठेवून, "ताई, घरचं काम आहे, बाइकचा पार्ट, जरा मापून दे ना," म्हटलं, तेव्हा तिने फार विचार न करता तो मापून दिला. तन्मय पुण्याचाच, घरोब्यातला. त्याची बायको शुभ्रा आणि अनुपमा दर गणपतीला मिळून मोदक वळत.

दांडा कशाचा, ते तिला शनिवारी कळलं. काम संपवून दोघं पार्किंगमध्ये आले, तेव्हा तन्मयने गाडीची डिकी उघडून क्रिकेटच्या बॅगची चेन ओढली.

"उचलून तर बघ!"

आत काळा कार्बन फायबरचा दस्ता होता, त्यात चकचकीत सांगाडा बसवलेला. तन्मयने बाजूची मूठ वर करून मागे ओढली. खट्ट आवाज झाला आणि अनुपमाने स्वतः मापलेला दांडा सरकत बाहेर आला.

"बोल्ट अॅक्शन," तन्मय कौतुकाने म्हणाला. "इतकी हलकी रायफल विकत घ्यायची तर तीस हजार दिरहम, म्हणजे सात लाख गेले. मी भंगारातल्या तुकड्यांतून केली. दस्ता बोटी बनवणाऱ्यांकडच्या उरलेल्या कार्बनच्या कापडाचा. कॉलेजात नेमबाजी करायचो ना, तेव्हापासून डोक्यात होतं. आता नुसती नळी राहिलीय."

"लायसन्स?"

"अगं, गोळ्या कुठायत माझ्याकडे? भिंतीवर लावायची."

गेटवरचा गार्ड सहज फिरत त्यांच्या दिशेने येत होता. तिने खसकन चेन ओढली आणि डिकी आपटली. गार्डने सलाम केला. तिला उलट सलामही करता आला नाही.

"तन्मय, हे आत्ताच्या आत्ता बंद कर. हा देश कुठला, विसरलास का? तुझ्याबरोबर मीही आत जाईन. मापलंय मी ते!"

"तुला कोण विचारतंय? घाबरट आहेस, ताई." तो हसला आणि गाडीत बसला.

घरी तिने नवऱ्याला, गुणवंतला, सगळं सांगितलं. त्याने आधी बाल्कनीचं दार लावून घेतलं.

"तू काही पाहिलं नाहीस. कळलं? मिहिकाचं दहावीचं वर्ष आहे. उद्या व्हिसा रद्द झाला तर कुठे जायचं?"

"आणि सापडला तो तर?"

गुणवंतने बाल्कनीचा पडदाही ओढून घेतला. रविवारभर अनुपमाने घरकामात मन रमवायचा प्रयत्न केला, पण खाली गाडीचं दार वाजलं की ती खिडकीशी जाई. मिहिकाने दोनदा विचारलं, "मम्मा, व्हॉट्स राँग?" दारावर टकटक झाली तेव्हा तर तिच्या हातातलं पातेलं पडलं. पाण्याच्या बाटल्या घेऊन माणूस आला होता.

सोमवारी ती कामावर गेली ती गप्प राहायचं ठरवूनच. लेथजवळून जाताना मात्र तिचे पाय थबकले. खैरुद्दीन एका लांब पोलादी दांड्याला भोक पाडत होता. ऑर्डरमध्ये असलं काही नव्हतं.

"ये किसका काम है, खैरुद्दीनभाई?"

"तन्मय सर का, मॅडम. बोले हायड्रॉलिक का पाइप है, अर्जंट है."

रायफलची राहिलेली नळी ती हीच. हा माणूस बिचारा तिच्यासारखाच विश्वास टाकून बसला होता. ती एखादवेळेस सुटेलही; नवरा, कंपनी, वकील, कुणीतरी तिच्यासाठी धावेल. याच्यासाठी कोण धावणार?

"मशीन बंद करो. अभी. और इसको हाथ मत लगाना."

मग ती तडक तन्मयच्या टेबलाशी गेली. तिने सांगून टाकलं, "मी मॅनेजरकडे, कशफ मॅडमकडे चाललेय. तू बरोबर चल. स्वतःहून सांगितलंस तर काहीतरी वाचेल."

"ताई, नको. कापून टाकतो सगळं, भंगारात फेकतो, खलास! कुणाला कळणार नाही."

क्षणभर तिला तेच हवंसं वाटलं. हो म्हटलं की संपलं. पण मग आयुष्यभर दारावरची प्रत्येक टकटक ऐकत बसायचं, आणि खैरुद्दीनलाही गप्प बसवायचं.

"चल," ती म्हणाली. तो उठला नाही. ती एकटीच गेली.

मॅनेजर कशफने सगळं ऐकलं, अनुपमाला पाण्याचा ग्लास दिला आणि फोन उचलला. पोलिस आले ते सायरन न वाजवता. तन्मयने गाडीची किल्ली स्वतःच काढून दिली. अनुपमाला आणि खैरुद्दीनला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले. शेवटी अधिकारी म्हणाला, "त्याने सांगितलंय, तुम्हा दोघांना खोटं सांगून काम करून घेतलं. घरी जा. केस संपेपर्यंत देश सोडायचा नाही."

बाहेर खैरुद्दीन पायरीवर बसून हमसून हमसून रडत होता. ती त्याच्याशेजारी बसली. गुणवंत न्यायला आला तेव्हाही तिला उठवेना.

तन्मयला शिक्षा झाली. ती भोगून झाली की भारतात परत पाठवणार होते. शुभ्राने घर आवरायला घेतलं तेव्हा अनुपमा धीर करून तिच्याकडे गेली. दार उघडलं, पण शुभ्रा वाटेतून हटली नाही.

"एकदा मला तरी सांगायचंस, अनुपमा. मी त्याच्या हातातून काढून समुद्रात टाकली असती."

हे अनुपमाला सुचलंच नव्हतं. भीतीपायी तिला दोनच वाटा दिसल्या होत्या, गप्प बसायची नाहीतर तक्रारीची.

"सामान बांधू लागू का?" तिने विचारलं.

शुभ्राने दाराला हात घातला. "नको," ती म्हणाली आणि दार हलकेच लावून घेतलं.