पाचातला एक

दीपिकाने खोक्यातल्या चिठ्ठ्या स्टाफरूमच्या टेबलावर ओतल्या. सत्र अर्ध्यावर आलं होतं. परळच्या त्या कॉलेजात अकरा वर्षं संख्याशास्त्र शिकवल्यावर तिने पहिल्यांदाच मुलांना विचारलं होतं, माझ्या शिकवण्यात काय बदलू? नाव लिहायचं नव्हतं.

बहुतेकांनी ‘छान’ लिहून सुटका करून घेतली होती. एका चिठ्ठीवर मात्र होतं : ‘मॅडम, तुम्ही कळलं का विचारता आणि लगेच फळा पुसता. नाही म्हणायला वेळच मिळत नाही.’

तिचे कान तापले. चिठ्ठी मुठीत धरूनच ती वर्गावर गेली.

पाच जणांचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत, ते काढायचं उदाहरण सोडवून झालं. तिने डस्टर ड्रॉवरमध्ये टाकलं.

“कळलं का?”

“हो, मॅडम.”

ती तशीच उभी राहिली. खिडकीबाहेर टॉवरवरची क्रेन सावकाश फिरत होती. अर्धं मिनिट गेलं. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग शेवटच्या बाकावरची अपेक्षा बोलली. वरळी कोळीवाड्याहून येणाऱ्या या मुलीचा आवाज वर्गाने जूनपासून ऐकलाच नव्हता.

“पाच जण आहेत, तर भागायचं चारने का? एक गेला कुठे?”

‘नियम आहे तसा,’ हे उत्तर दीपिकाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

“मलाही कधी नीट उमगलं नाही. चला, आत्ता शोधू या.”

वर्ग सरसावून बसला. पाच जणांना घरून कॉलेजला यायला सरासरी तीस मिनिटं लागतात, असं तिने लिहिलं. चौघांनी मनाला येईल तो आकडा सांगायचा.

“वीस!”

“पस्तीस!”

“पंधरा!”

“पंचेचाळीस!”

“आता पाचवा?”

“पस्तीसच!” अपेक्षा उभीच राहिली. “मॅडम, सरासरी ठरली की पाचव्याला चॉइसच नाही! मोकळे फक्त चार!”

दीपिकाने फळ्यावरच्या भागाकारातल्या चारखाली जाड रेघ ओढली. वर्गात एकच गलका उठला.

तास संपल्यावर अपेक्षा वाट काढत टेबलापाशी आली. “सहा जणांचं पण करून बघितलं,” म्हणत तिने कागद पुढे केला. पेन्सिलीची आकडेमोड अचूक होती. दीपिकाने सहज कागद उलटला. संख्याशास्त्र सोडून दुसरा विषय घेण्याचा अर्ज होता. तारीख आजची, वडिलांची सही झालेली, शिक्षकांच्या सहीची जागा रिकामी.

“हे काय गं?”

अपेक्षाने तिच्या हातातच कागद पुन्हा उलटा केला.

“ते राहू दे ना, मॅडम. ही बाजू बघा. बरोबर आहे ना?”